वाचकांचे प्रश्न : कुळीचा तट का झिजतो?

अद्भुतकथा लिहिणाऱ्या वाचकांनी आपल्या कल्पित जगातील गड, वाडे आणि तटबंद्यांविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरत असल्याने या वेळी तो एकच विषय घेतला आहे.

प्रश्न : मी एक अद्भुत कादंबरी लिहीत आहे. तीत ‘तटवे’ नावाची कुळी घाटमाथ्यावर नऊ पिढ्या दगडी तटाच्या आत राहते. तटावर देवीचे संरक्षण असल्यामुळे रानातील अमानवी प्राणी आत येऊ शकत नाहीत, अशी तिची श्रद्धा आहे. एके वर्षी दगडांवर पांढरे डाग उमटतात, सांध्यांतून भुगा गळू लागतो, रात्री भिंतीतून आवाज येतात आणि शेवटी पाऊस-वारा काहीही नसताना एक बुरूज कोसळतो. कारण म्हणून मी शाप योजला आहे, पण तो मला स्वतःलाच पटत नाही. खऱ्या तटांच्या बाबतीत असे घडते का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : घडते, आणि आपण लिहिलेली चारही लक्षणे एकाच रोगाची असू शकतात. आपल्याकडील अनेक तट बाहेरून अखंड दगडाचे वाटत असले, तरी आतून ते तसे नसतात. बाहेरच्या अंगाला घडीव चिऱ्यांची एक भिंत, आतल्या अंगाला त्याहून ओबडधोबड दगडांची दुसरी, आणि दोहोंच्या मधल्या जागेत दगडगोटे, माती आणि चुना यांची भर, अशी त्यांची रचना असते. पहारेकरी ज्या फांजीवरून चालतात तिची फरसबंदी उखडली किंवा तिचा उतार बिघडला, की पावसाचे पाणी खाली वाहून न जाता या भरीत मुरू लागते, आणि तटाच्या ऱ्हासाची सुरुवात तेथे होते.

भरीतला चुना हा दिसतो तितका स्थिर पदार्थ नाही. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली म्हणजे कळीचा चुना मिळतो. तो विरवून, वाळू घालून, बैलांनी फिरवायच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या चरात, मळून वापरला, की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडीच्याच रूपात घट्ट होतो. पावसाच्या पाण्यातही तोच वायू विरघळलेला असल्यामुळे ते किंचित आम्ल असते, आणि वर्षानुवर्षे मुरणारे असे पाणी हा चुना थोडा थोडा विरघळवून आपल्याबरोबर बाहेर आणते. दर्शनी बाजूवर पाणी सुकते आणि चुना पांढऱ्या ओघळांच्या रूपाने मागे राहतो. म्हणजे तटव्यांना दिसणारे पांढरे डाग हा भिंतीच्या पोटातून बाहेर पडलेला तिचा बंध आहे. बंध गेला की उरते ती नुसती वाळू, आणि तीच सांध्यांतून भुग्यासारखी गळते. आतली भर सुटी झाली की गोटे खाली सरकतात, तळाशी दाटतात आणि दर्शनी चिऱ्यांना बाहेर रेटतात. रात्रीच्या शांततेत ऐकू येणारे आवाज या सरकण्याचे समजावेत. गवंडी या अवस्थेला ‘भिंतीला पोट आले’ असे म्हणतात. ओळंबा धरला की ते सहज दिसते, नुसत्या डोळ्यांना मात्र पुष्कळ उशिरा.

पाण्याच्या भाराचा अंदाज नसल्याने पुष्कळ लेखक येथे चुकतात. दहा मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा दाब पडतो. पाणी बाहेर जाण्याच्या मोऱ्या मोकळ्या असतील तर हा दाब निर्माणच होत नाही. त्या बुजल्या असतील तर तटाला बाहेरच्या शत्रूची गरज उरत नाही. आपली कुळी उंच, थंड मुलखात राहत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, आणि सांध्यात अडकलेले पाणी रात्री गोठून दिवसा वितळत राहिले, तर काही हिवाळ्यांतच चिरे जागचे हलतात.

आता बुरूज कोरड्या दिवशी का पडतो? कारण पडझडीचा क्षण आणि पडझडीचे कारण यांच्यात फार मोठे अंतर असते. मोरी बुजल्याच्या वर्षी भिंत पडत नाही, दुसऱ्या वर्षीही पडत नाही. एक पिढी उलटून जाते, मोरी बुजवणारा मनुष्य मरून जातो, तिथे मोरी होती हेही कोणाला आठवत नाही, आणि मग एखाद्या स्वच्छ सकाळी, शेवटचा टेकू दिलेला एखादा दगड सरकला की बुरूज बसतो. शापाची कल्पना माणसाला सुचते ती याच अंतरामुळे, आणि माझ्या मते आपल्या कादंबरीचे रहस्यही याच अंतरात ठेवावे. दोषी व्यक्ती कथेच्या वर्तमानकाळात हयात नसावी. असे समजा की तीन पिढ्यांपूर्वी रानातला एक लहानसा प्राणी पाण्याच्या मोरीतून आत शिरला, एक मूल दगावले, आणि कुळीच्या प्रमुखाने भीतीपोटी, सर्वांच्या संमतीने, तटाच्या सगळ्या मोऱ्या दगड-चुन्याने बुजवून टाकल्या. त्या दिवशी त्याचे कौतुक झाले असेल, त्याच्या नावाने एखादा सणही सुरू झाला असेल. आज तट झिजत आहे तो त्या निर्णयामुळे, आणि हे शोधून काढणाऱ्या नायिकेला कुळीच्या लाडक्या पूर्वजाविरुद्ध बोलावे लागेल.

दुसरा दुवा माणसांचा आहे. तट आपोआप उभा राहत नाही. तो कोणीतरी राखावा लागतो. सभासदाच्या बखरीत शिवकालीन गडांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे, त्यात ज्या गडाचा घेर मोठा तेथे पाच-सात तटसरनोबत, म्हणजे तटाची राखण पाहणारे अधिकारी, नेमून त्यांना तट वाटून द्यावा, असे सांगितले आहे. तटाचा अमुक भाग अमुक माणसाचा, अशी ही वाटणी होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांना संपूर्ण राज्याचे सार म्हटले आहे, आणि त्याच प्रकरणात तटा-बुरुजांवर वाढणारी झाडे वरचेवर कापण्यासारख्या अगदी साध्या कामांचीही ताकीद आहे. राज्याचे सार आणि झाडे काढण्याची ताकीद एकाच लेखणीतून उतरावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

ही राखण करणारी माणसे काढून टाकली म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला कल्पित जगात जावे लागणार नाही. कोल्हापूर संस्थानात गडांची राखण करणारे गडकरी वंशपरंपरेने गडावर राहत आणि त्याबद्दल त्यांना जमिनी मिळत. या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगड येथून गडकऱ्यांचे बंड सुरू झाले व ते पन्हाळ्यापर्यंत पोहोचले. इंग्रजांनी ते मोडून काढले आणि पन्हाळ्याच्या तटबंदीचा काही भाग पाडूनही टाकला. त्याआधी १८१८ नंतर सह्याद्रीतील अनेक गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगांनी उडवण्यात आले होते, हे खरे. पण सुरुंगाचा घाव एका जागी बसतो. शिबंदी, म्हणजे गडावरची पहाऱ्याची माणसे, उठल्यावर फांजीवरचे गवत काढायला कोणी उरले नाही, आणि त्यानंतरच्या शंभर-दीडशे पावसाळ्यांनी जे केले ते सर्वत्र केले. तटव्यांच्या कुळीत तटाची वाटणी केव्हा आणि का बंद झाली, हे एकदा ठरवा. कदाचित देवी तट राखतेच आहे, मग माणसांनी कशाला राबावे, असा विचार एखाद्या सुखी पिढीने केला असेल.

देवीला कथेतून काढून टाका, असे मी मुळीच सुचवत नाही. अद्भुताला नियम असला की ते अधिक अद्भुत वाटते, एवढेच म्हणणे आहे. देवीचे रक्षण दगडात नसून चुन्यात आहे, अशी मांडणी करून पाहा: तट बांधताना घाणीत मंत्र म्हणून चुना मळला गेला, आणि तो पाण्याबरोबर जिथून वाहून जातो तिथे रक्षण विरळ होते. मग रानातले प्राणी नेमके पांढऱ्या ओघळांच्या ठिकाणी गोळा होऊ लागतील आणि पुजाऱ्याच्या आधी गवंड्याला त्याचा अर्थ कळेल.

प्रश्न : बुरूज टिकावा म्हणून पायात माणसाचा बळी दिल्याच्या कथा अनेक किल्ल्यांवर ऐकायला मिळतात. अशा कुळीच्या कथेत हा प्रसंग घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घ्यावा, परंतु बळी कोणाचा गेला ते लपवू नये. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा प्रसिद्ध आहे. कितीही वेळा बांधला तरी तो बुरूज ढासळे. अखेर दृष्टांत झाला आणि एका महार कुटुंबातील मुलगा व सून यांना पायात जिवंत गाडल्यावर तो टिकला, असे ती सांगते. ही दंतकथा आहे आणि तिला इतिहास समजून चालणार नाही. पण बुरूज सर्वांचा असताना त्याची किंमत कोणाच्या घरातून वसूल केली जाते, हे तिने स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. ही कथा रोमांचक तपशील म्हणून वापरून पुढे जाणारे लेखक मला खटकतात.

बांधकामाच्या दृष्टीने पाहिले, तर पुन्हा पुन्हा ढासळणाऱ्या बुरुजाचा दोष बहुधा पायात असतो. डोंगराच्या उतारावर कातळ लागेपर्यंत न खणता मुरमावर किंवा सुट्या दगडांवर पाया घातला, की पहिल्या मोठ्या पावसात माती सरकते आणि वरचा भार तिच्यामागे जातो. येथे कथेसाठी एक निष्ठुर शक्यता आहे. बळीसाठी खड्डा खणायचा म्हणून मजूर नेहमीपेक्षा खोल गेले, त्यांना कातळ लागला, आणि बुरूज उभा राहिला तो त्या कातळामुळे. कुळीने मात्र श्रेय बळीला दिले आणि पुढची प्रत्येक पडझड नव्या बळीने थांबवायची प्रथा पडली. खड्डा खणणाऱ्यांपैकी एकाला हे ठाऊक होते आणि तो गप्प राहिला, असे दाखवले तर त्याचे मौन हाच कथेचा गाभा होऊ शकेल.

प्रश्न : माझी कुळी समुद्रातील बेटावर राहते. तिचा तट माथ्याकडे शाबूत आहे, पण गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात दगडांना पोळ्यासारखी छिद्रे पडत आहेत. हे शक्य आहे का? शिवाय मी असे दाखवले आहे की एक परका किमयागार दगडाहून कठीण असा लेप देऊन तट वाचवतो. (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : पहिला भाग अगदी शक्य आहे. जमिनीतली खारी ओल दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि ऊन-वाऱ्याने जिथे सुकते तिथे मिठाचे स्फटिक धरतात. स्फटिक वाढताना छिद्राच्या कडांवर दाब देतात, दर भरती-ओहोटीला आणि दर ऋतूला हा खेळ चालतो, आणि दगडाचा कण कण सुटत जातो. ओल ठरावीक उंचीपर्यंतच चढत असल्यामुळे हानीही पट्ट्यापट्ट्याने होते. समुद्राच्या तुषारांमुळे वरच्या भागातही अशी छिद्रे पडू शकतात, तेव्हा माथा पूर्णपणे शाबूत दाखवू नका.

दुसऱ्या भागाचा शेवट मात्र आपल्याला बदलावा लागेल, कारण दगडाहून कठीण आणि पाणी अडवणारा लेप हा अशा तटाचा शत्रू असतो. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो आणि तो ओलीला बाहेर जाऊ देतो. झीज होते ती सांध्याची, आणि सांधा पुन्हा भरता येतो. त्याच्या जागी सिमेंटसारखा घट्ट पदार्थ भरला की ओल सांध्यातून निघू शकत नाही, ती शेजारच्या दगडातून वाट काढते, मीठ दगडात साठते आणि काही वर्षांनी सांधे जसेच्या तसे उभे आणि मधले दगड खोल खाल्लेले, असे विचित्र दृश्य दिसते. जुन्या वास्तूंवर सद्हेतूने केलेल्या सिमेंटच्या दुरुस्त्यांनी हे नुकसान जगभर झाले आहे. आपला किमयागार खलनायक नसला तरी चालेल, त्याला तट वाचवायचाच असेल, आणि पहिली पाच वर्षे सगळे त्याचा जयजयकार करतील.

समुद्रातील तटांविषयी आणखी एक नमुना आपल्या उपयोगाचा आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा समुद्राकडील तट प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचून बांधला आहे. लाट आदळली की तिचे पाणी दगडांमधल्या फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. याउलट मालवणजवळच्या सिंधुदुर्गाच्या बांधकामात, जे १६६४ ते १६६७ या काळात झाले, पायाचे दगड शिसे ओतून बसवल्याचे सांगितले जाते. एकाच किनाऱ्यावरच्या या दोन पद्धती आहेत. आपल्या बेटावर दोन भाऊबंद घराण्यांनी दोन बाजूंचे तट वेगवेगळ्या पद्धतींनी बांधले आहेत, असे दाखवले तर कोणाचा तट आधी जातो, हा वाद कथेला पुष्कळ पुरेल. चुन्याशिवायची भिंत अमर असते, असे मात्र समजू नये. आफ्रिकेतील ग्रेट झिंबाब्वे येथील ग्रॅनाइटचा वर्तुळाकार तट चुन्याविना रचलेला असून काही ठिकाणी ११ मीटर उंच आहे, आणि तिथेही भिंतींना पोट येऊन काही भाग कोसळत आले आहेत.

प्रश्न : तट शत्रू पोखरत आहे की तो आपोआप झिजत आहे, हे आतल्या माणसांना कसे ओळखता येईल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ऐकून आणि पाहून. झिजणाऱ्या भिंतीचे आवाज अनियमित असतात. खणणाऱ्या माणसांच्या आवाजाला लय असते. १५२२ च्या, भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटाच्या वेढ्यात तुर्कांचे भुयार शोधण्यासाठी बचाव करणाऱ्यांनी चामडे ताणलेली, घुंगरासारख्या घंटा लावलेली साधने जमिनीत ठेवली होती. जवळपास कुदळ चालली की घंटा हलत. परातीत पाणी भरून ते थरथरते का हे पाहण्याची युक्तीही जुनी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा तट सुरुंग लावून फोडला, तेव्हा असे सुरुंग तटाखाली भुयारे खणूनच नेलेले होते. कथेत मला अधिक रस वाटेल तो चुकीच्या निदानात: कुळी परातीतल्या पाण्याकडे डोळे लावून शत्रूची वाट पाहत बसते, आणि त्याच वेळी भरीत मुरणाऱ्या पाण्याकडे कोणाचे लक्ष नसते.

प्रश्न : शत्रू दोन महिन्यांवर आला आहे आणि अर्धा तट पडला आहे. एवढ्या वेळात दुरुस्ती दाखवली तर वाचक विश्वास ठेवतील का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ठेवतील, कारण असे घडलेले आहे. ४४७ साली भूकंपाने कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) तटाचे मोठे भाग आणि ५७ बुरूज पडले, आणि त्याच सुमारास अट्टिलाचे हूण सैन्य बाल्कन प्रदेशात घुसले होते. शहराच्या प्रशासकाने रथशर्यतींच्या निळ्या आणि हिरव्या पक्षांच्या समर्थकांना, जे एरवी एकमेकांची डोकी फोडत, कामाला लावले आणि सुमारे ६० दिवसांत तट उभा केला. आपण तपशिलात सांभाळायचे ते इतकेच की ताजा चुना दोन महिन्यांत पुरता घट्ट होत नाही. जाड भिंतीच्या पोटात हवा पोहोचायलाच वर्षे लागतात, त्यामुळे घाईने उभारलेला तट दिसायला पूर्ण असला तरी आतून ओला आणि कच्चा असतो. तो शत्रूला लांबून थोपवू शकेल. त्यावर तोफा किंवा दगडफेकी यंत्रे चालली, तर तो जुन्या तटाइतका तग धरणार नाही. आपल्या कुळीतल्या गवंड्याला हे माहीत असेल, शत्रूला माहीत नसेल. तेव्हा पडलेल्या दगडांतले मोठे, सपाट दगड आधी वेचून दर्शनी अंगाला कोरडेच रचायला लावा, चुना फक्त बुरुजांच्या तोंडाशी वापरा, आणि या वेळी मोऱ्या ठेवायला विसरू नका.

प्रश्न : तटावर झाडे उगवणे हे क्षयाचे चिन्ह म्हणून नेहमी वापरले जाते. ते बरोबर आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पिंपळ, वड आणि उंबर यांच्या बाबतीत बरोबर आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांचे बी सांध्यात पडते, मुळे चुन्यातली ओल शोधत आत जातात आणि जाड होत दगड फाकवतात. वरून नुसते छाटले तर ती पुन्हा दुप्पट जोमाने फुटतात. शेवाळाची गोष्ट वेगळी आहे. चीनच्या महाभिंतीच्या चोपलेल्या मातीच्या भागांवर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा जो पातळ थर असतो, तो वारा व पावसाच्या माऱ्यापासून तिला वाचवतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा आपल्या कुळीचा तट मातीचा असेल आणि एखादा उत्साही तरुण नायक तो घासून स्वच्छ करत असेल, तर त्याला कोणीतरी थांबवायला हवे.